लुआतेआची उतरती रेघ

ब्रॅकनेल
१४ जानेवारी २०२४

प्रिय लीलामावशी,

नमस्कार. फोनवर माझा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो असं तू दिवाळीत म्हणालीस आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. हाताने मराठी लिहून बरीच वर्षं झाली. अक्षर सांभाळून घे.

काम ऑफिसचं आहे. तू तरुणपणी नर्स म्हणून पॅसिफिकमधल्या ज्या बेटावर गेली होतीस, ते लुआतेआच ना? सध्या माझ्या टेबलावर तेच बेट आहे. लंडनचा एक ट्रस्ट तिथल्या मुलींच्या दवाखान्याला दर वर्षी पैसे देतो. यापुढे द्यायचे की नाहीत हे ठरवण्याआधी त्यांनी आमच्या कंपनीला तिथले आकडे तपासायला सांगितले, आणि कंपनीने ते मला दिले. मी ते आकडे खोटे ठरवले तर दवाखाना बंद होईल, इतकं सरळ आहे.

तू तिथे होतीस तेव्हा पंधरा ते एकोणीस वयाच्या हजार मुलींमागे वर्षाला नव्वदच्या वर बाळंतपणं व्हायची. आज पंचवीस होतात. चाळीस वर्षांचे आकडे जोडले तर रेघ घसरगुंडीसारखी खाली येते, कुठे म्हणून अडखळत नाही. ट्रस्टची मंडळी खूश आहेत. मला मात्र ती रेघ बघवत नाही. बेटावर त्या वयाच्या मुली जेमतेम सातशे. एखाद्या वर्षी चार बाळं जास्त झाली तरी रेघेने उडी मारायला हवी. खरी रेघ थरथरते, मावशी. ही थरथरत नाही.

माझी मॅनेजर ग्वेन म्हणते, चांगली बातमी आली की तू तिचाही पासपोर्ट मागतेस. म्हणू दे. जे फार छान दिसतं, ते बहुतेक वेळा कोणीतरी छान करून ठेवलेलं असतं, एवढं या नोकरीत शिकले.

तर मला सांग, तिथे काय लपवता येईल? मुली बाळाची नोंद टाळतात का? आता जे लोक दवाखाना चालवतात त्यांच्यापैकी कोणी तुझ्या ओळखीचं आहे का?

दिया दर शनिवारी तुझ्याकडे येऊन तुझं कानाचं मशीन साफ करून देते, हे बरंच आहे. आम्हा आई-बाबांशी तिचं बोलणं ‘फाइन’ आणि ‘लेटर’ एवढ्यावर आलंय. सतराव्या वर्षी आपण इतक्या गप्प होतो का गं? तुझ्याशी काही बोलत असली तर कळव.

पुष्कर मजेत.

तुझी
चैत्राली


ईलिंग
२० जानेवारी २०२४

चैत्राली,

आशीर्वाद. तुझं अक्षर तुझ्या आईसारखं उजवीकडे झुकतं. पाकिटावरचं नाव वाचलं आणि क्षणभर ताईच गेली नाहीये असं वाटलं.

हो, तेच लुआतेआ. तीन वर्षं होते. इथे हॉस्पिटलमध्ये रात्रपाळ्या करून कंटाळले होते, जाहिरात दिसली, अर्ज टाकला. तुझे आजोबा म्हणाले होते, आधीच सातासमुद्रापार गेलीस, आता आठवा कुठून शोधून काढलास?

दवाखाना चर्चला लागून होता. समोर मोठा व्हरांडा, व्हरांड्यासमोर बेटावरचा एकुलता एक रस्ता. आत कोण गेलं, किती वेळ बसलं, रडत बाहेर आलं की हसत, हे संध्याकाळपर्यंत बेटभर झालेलं असायचं. पहिल्या वर्षी माझ्याकडे एकही लग्न न झालेली मुलगी वेळेवर आली नाही. सातवा महिना लागल्यावर यायच्या, तोवर करण्यासारखं फारसं उरायचं नाही. सोळा वर्षांच्या पोरी. नंतर शाळा कायमची बंद. त्या नव्वदांतल्या कित्येकींचे हात माझ्या हातात होते, म्हणून तुझी रेघ खाली आली हे वाचून मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. तुला ती बघवत नाही आणि मला किती वेळा बघू असं झालंय. प्रत पाठव, मोठी काढून.

आता दवाखाना कोण चालवतं ते तुझ्या कागदांवर असेलच.

दिया छान आहे. जेवते नीट. मशीनही नीट साफ होतं.

आणि तू कशी आहेस? पुष्कर मजेत, हे कळलं. मी तुझं विचारतेय.

लीलामावशी


ब्रॅकनेल
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय मावशी,

रेघेची प्रत सोबत आहे. फ्रिजवर लावू नकोस, अजून ती खरी ठरलेली नाही.

अर्धा उलगडा झाला. ती थरथरत नव्हती कारण बेटावरच्या ऑफिसने पाच-पाच वर्षांची सरासरी काढून पाठवली होती. मी मूळचे आकडे मागवले. ते मात्र चांगलेच थरथरतात. मध्ये २०१७ला तर एक मोठी उडी आहे, एका वर्षात जवळजवळ दुप्पट. सरासरीने ती झाकून टाकली होती. झाकली का, हा प्रश्न आलाच.

पण रेघ खालीच येते, आणि ती का, हे मला परवा ट्रेनमध्ये सुचलं. वॉटर्लूवरून परत येताना समोर एक गरोदर मुलगी बसली होती. मला माझे दिवस आठवले. दियाच्या वेळी सातव्या महिन्यात मी पुण्याला गेले, आईकडे. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे राहत होते ब्रॅकनेलला, पण ब्रॅकनेलच्या आकड्यांत दिया जन्मलेलीच नाही. लुआतेआवर हेच होत असणार. मुली पोट दिसायच्या आत शेजारच्या मोठ्या बेटावर आईकडे, मावशीकडे जातात, बाळंत होतात, तिथे नोंद होते. इकडे रेघ आपोआप खाली. कोणी खोटं बोलायला नको की काही नको.

ग्वेनला सांगितलं तर तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हणाली, असं आमच्यातल्या कोणाला कधी सुचलं नसतं. मी शेजारच्या बेटाचे आकडे मागवलेत.

तू दियाबद्दल ‘छान आहे’ एवढंच लिहिलंस. मी फार विचारलं होतं असं नाही, पण तुझं उत्तर मला हॉस्पिटलच्या उत्तरासारखं वाटलं. पेशंट कम्फर्टेबल आहे, छाप. गेल्या शनिवारी ती परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. विचारलं तर म्हणाली, ‘हे-फीवर.’ परागकणांची ॲलर्जी, जानेवारीत.

तिच्या फोनवरून ती कुठे आहे ते मला दिसतं. म्हणजे दिसायचं. रिचमंडला ट्रेनमधून उतरून ती पासष्ट नंबरच्या बसमध्ये बसली की हल्ली तो ठिपका विझतो, आणि संध्याकाळी रिचमंडलाच परत उगवतो. मधे काय होतं?

चैत्राली


ईलिंग
८ फेब्रुवारी २०२४

चैत्राली,

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची आशा भिंतीवर टकटक करायला लागली. तिला वाटलं मला ठसका लागलाय.

अगं, लुआतेआवर मुलगी माहेर सोडून जातच नाही. लग्न झालं की नवरा आपली चटई आणि मासे धरायची जाळी घेऊन बायकोच्या घरी राहायला येतो. घर आईचं, मग मुलीचं, मग तिच्या मुलीचं. ज्या जागेवरून उठलीच नाही तिथे परत कशी येणार? सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून पाठवायचं म्हटलं तरी पाठवणार कुठे, मागच्या अंगणात? तिथे मला एक म्हातारी विचारायची, तुमच्याकडे मुलींना घरातून काढतात ते कशाबद्दल? मी म्हटलं, लग्नाबद्दल. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

तेव्हा शेजारच्या बेटावर शोधून तुला काही मिळणार नाही.

तू विचारलंस काय लपवता येतं. सांगते. दुसऱ्या वर्षी मी व्हरांडा सोडला. तिथे केवड्याच्या जातीचं एक झाड असतं, त्याची पानं वाळवून बायका चटया विणतात. गावामागे विणायची शेड होती. मी तिथे जाऊन विणायला बसले. हात इतका वाईट की सगळ्यांना करमणूक. मुली पानांचे भारे घेऊन यायच्या. ज्या मुलीला काही बोलायचं असेल ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायची. डावीकडे कोण बसलं, किती वेळ बसलं, हे कोणी बघायचं नाही, विचारायचं नाही, घरी सांगायचं नाही. बायकांनी आपापसात हे कसं ठरवलं ते मला कळलं नाही. मी नावं लिहिली नाहीत. दिवस न जाण्याच्या गोळ्या द्यायच्या असल्या तर भाऱ्यात जायच्या.

मुलींना बोलायला आईपेक्षा थोडं लांबचं माणूस लागतं, एवढंच मी तिथे शिकले.

तुझ्या ठिपक्याबद्दल मला काही माहीत नाही. मला तर टीव्हीचा रिमोटही दियाच समजावते.

जेवतेस का वेळेवर? अक्षर बारीक झालंय तुझं.

लीलामावशी


ब्रॅकनेल
२३ फेब्रुवारी २०२४

मावशी,

माहेरचा मुद्दा रिपोर्टमधून काढून टाकला. ग्वेनला सांगताना मला फार ओशाळं वाटलं. ती म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, थिअरी सुंदर होती, फक्त बेट चुकलं.

त्यानंतर मी बाकीच्या वाटा तपासल्या. जन्म लपवले असतील तर ती मुलं पाच वर्षांनी शाळेत तरी दिसतीलच. पहिलीत येणारी मुलं आणि नोंदलेले जन्म जुळतात. आज्यांनी नातवंडं आपल्या नावावर लावली असतील तर चाळिशीपुढच्या आया वाढायला हव्यात. त्याही कमी होतायत. म्हणजे बाळं खरंच कमी जन्मतात.

पण दवाखान्याचं गणित बसत नाही. दर वर्षी तिथे शेकडो मुलींना पुरतील इतक्या गोळ्या आणि इंजेक्शनं जातात आणि संपतात. आणि येणाऱ्या मुलींच्या नावांचा रकाना रिकामा. वर्षानुवर्षं. औषध कुठे जातं? मोठ्या बेटावर विकलं जात असलं तर? तुझ्या शेडची गोष्ट मी वाचली, पण ती चाळीस वर्षांपूर्वीची. ट्रस्टला मी काय सांगू, भाऱ्यात गेलं म्हणून?

मी नावं मागितली. तिथल्या मुख्य नर्सने दोन ओळींचं उत्तर पाठवलं: नावं देणार नाही, त्यापेक्षा दवाखाना बंद करू. खाली सही, सिना. आणि सहीखाली, ‘लीलाला माझा नमस्कार सांगा.’

मावशी, मी तिला तुझं नाव सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे तू तिला ओळखतेस, आणि माझ्याबद्दल तिला कळवलंस. मी पहिल्याच पत्रात स्पष्ट विचारलं होतं, ओळखीचं कोणी आहे का. तू लिहिलंस, कागदांवर असेलच. मी ते उत्तर पुन्हा काढून वाचलं. खोटं नाही. खरंही नाही.

मग मी तुझी सगळीच पत्रं पुन्हा वाचली. ‘दिया छान आहे. जेवते नीट.’ ‘मुलींना आईपेक्षा थोडं लांबचं माणूस लागतं.’ हे तू बेटाबद्दल लिहिलंस की माझ्या घराबद्दल?

सोमवारी कचरा बाहेर ठेवताना दियाच्या खोलीतल्या पिशवीत ईलिंगच्या केमिस्टची कागदी पिशवी सापडली. रिकामी. घडी घालून, घडीत घडी घालून, इतकीशी केलेली. खोकल्याच्या औषधाची पिशवी कोणी अशी घडी घालत नाही.

मी दिवसभर पंधरा ते एकोणीसच्या मुलींचे आकडे बघते. संध्याकाळी त्यातलीच एक समोर बसून पास्ता खाते आणि मला तिच्याबद्दल काहीही माहीत नाही. ती तुझ्याकडे कशाला येते? तपशील नकोत. काळजीचं काही नाही, एवढं एक वाक्य लिही. मग मी पुन्हा विचारणार नाही.

चैत्राली


ईलिंग
२८ फेब्रुवारी २०२४

चैत्राली,

मी तिथे होते तेव्हा सिना सोळाची होती. शेड तिच्या आईची. दर नाताळाला तिचं पत्र येतं. तू बेटाचं काम करतेयस हे मी तिला कळवलं, कारण मला आनंद झाला होता. तुला आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिच्याबद्दल मी लिहिलेला प्रत्येक शब्द तू ओळखीच्या खात्यात टाकला असतास. त्यात माझं चुकलं असेल. तुझ्या ग्वेनला हे जरूर सांग, माझ्यासाठी काही झाकू नकोस.

आता दुसरं. तुला एक वाक्य हवंय. ते मी लिहिणार नाही.

रागावण्याआधी पुढचं वाच. समज, आज काळजीचं काही नाही आणि मी तसं लिहिलं. तुला बरं वाटलं. मग सहा महिन्यांनी तू पुन्हा विचारलंस, आणि तेव्हा खरंच काही असलं, तर मी काय करू? गप्प बसले तर माझ्या गप्प बसण्यातूनच तुला कळेल. म्हणून काही नसतानाही मी गप्पच बसायला हवं. तरच ते गप्प बसणं काही कामाचं. हे गणित मला शेडमधल्या बायकांनी शिकवलं. डावीकडे कोण बसलं हे त्या बघायच्या नाहीत, आणि डावीकडे कोण बसलं नाही, हेही बघायच्या नाहीत.

तिच्या जिवाला धोका असता, किंवा कोणी तिला इजा करत असतं, तर मी तुझं दार वाजवलं असतं. हे मी दियालाही पहिल्याच दिवशी सांगितलंय. तेवढं सोडून बाकी सगळं तिचं.

मला माहीत आहे, तू आई आहेस. मला मूल नाही, म्हणून मला हे सोपं आहे असं तुला वाटेल. सोपं नाही. तुझी पत्रं मी उशाशी ठेवते.

तुझं काय चाललंय? हे मी प्रत्येक वेळी विचारते.

लीलामावशी


ब्रॅकनेल
४ मार्च २०२४

लीलामावशी,

‘पहिल्याच दिवशी सांगितलं.’ म्हणजे एक पहिला दिवस होता. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं.

दियाच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. यापुढे शनिवारी ती घरीच अभ्यास करेल. तुझं मशीन साफ करायला दुसरं कोणी बघ. आशाबाईंना सांगता येईल.

रिपोर्टमध्ये मी अट घालणार आहे: नावं लिहिली तरच पैसे.

चैत्राली


ईलिंग
२५ मार्च २०२४

चैत्राली,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. दोनदा लिहिलं आणि फाडलं. त्यात मी फार शहाणी वाटत होते.

दिया आली नाही. शनिवारी दुपारी मी उगाच मागच्या गल्लीकडे बघते. ती मागच्या फाटकातून यायची, पुढच्या दाराने कधी नाही. तुला हे सांगायला हरकत नाही, फाटक माझं आहे.

एक विचारते, आणि टोमणा म्हणून नाही. शनिवारी ती घरी असते का? असली तर ज्या गोष्टीसाठी ती माझ्याकडे येत होती, ती गोष्ट संपली का? मला माहीत नाही. आता तुलाही माहीत नाही. आधी निदान दोघींपैकी एकीला माहीत होतं.

तुझ्या रेघेतली २०१७ची उडी. मी सिनाची त्या वेळची पत्रं काढून वाचली. त्याच्या आदल्या वर्षी राजधानीतून एक नवा अधिकारी आला. भला माणूस होता म्हणे, मुलींची काळजी वाटायची त्याला. औषध कोणाला जातं ते कळलं पाहिजे म्हणून त्याने विणायच्या शेडच्या दारात टेबल टाकलं आणि येणाऱ्या मुलीचं नाव लिहायला एक जण बसवला. रागावणं नाही, ओरडणं नाही. फक्त नाव. मुलींनी पानं उचलली आणि त्या घरी विणायला लागल्या. पुढच्या वर्षी सिनाने जी बाळंतपणं केली, त्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीचं वय मी इथे लिहीत नाही. मग सिनाने ते टेबल उचलून समुद्रात नेऊन टाकलं. शब्दशः. ती तशी अंगाने दणकट आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी ओळखीची आहे. तो अधिकारी कधी आला आणि कधी गेला हे सरकारी कागदावर असेल. तू तपास. तपासण्यात तू हुशार आहेस, लहानपणी लाडवातले बेदाणेसुद्धा मोजून घ्यायचीस.

थंडी अजून आहे. गळ्याला काही बांधत जा.

लीलामावशी


ब्रॅकनेल
२१ एप्रिल २०२४

प्रिय मावशी,

तपासलं. तो अधिकारी २०१६च्या उन्हाळ्यात आला आणि पुढच्या वर्षी बदलून गेला. उडी बरोबर तिथेच आहे. ज्या एका वर्षी रकाना भरायला घेतला, त्याच्या पाठोपाठ रेघ वर गेली. मी तो आलेख छापून घेतला आणि ग्वेनकडे नेला.

ग्वेनला सगळं सांगितलं. तू, सिना, नाताळाची पत्रं. तिने माझे आकडे आमच्या टीममधल्या कुशकडून पुन्हा तपासून घेतले. त्याचंही उत्तर तेच आलं. औषध मोठ्या बेटावर विकल्याची एकही खूण सापडली नाही. नावांच्या अटीचा परिच्छेद मी काढला आणि त्या जागी लिहिलं की नाव न विचारणं ही या दवाखान्याची उणीव नसून तेच त्याचं काम आहे. बाळंतपणं मोजा, शाळेत टिकलेल्या मुली मोजा, नावं मागू नका. ट्रस्टने मान्य केलं. पैसे मात्र पाच नाही, तीनच वर्षं देणार. सिनाला कळव. कळवलं नसशील तर.

आता घरचं. तू विचारलंस, शनिवारी ती घरी असते का. पहिले दोन शनिवार होती. खोलीचं दार बंद, पुस्तकं उघडी. तिसऱ्या शनिवारी म्हणाली, रीडिंग शहरातल्या लायब्ररीत जाते. फोनवरचा ठिपका आता ब्रॅकनेललाच विझतो. म्हणजे मी जितकं घट्ट धरलं तितकं मला कमी दिसायला लागलं. तुझं पत्र आलं तेव्हा मी हे आधीच बघत होते, फक्त मोजत नव्हते.

परवा तिला म्हटलं, “लीलाआजीकडे जायचं असेल तर जा.”

“रिव्हिजन?”

“तिकडे कर.”

तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. “व्हॉट्स द कॅच, आई?”

मावशी, ती नजर माझी होती. मी आलेखाकडे बघते, तशी. मी तिला नाक दिलं, केस दिले, आणि हेही दिलं. मला वाटत होतं की संशय घेणारी घरात मी एकटीच आहे.

काल मीच तिला गाडीने सोडायला आले. तुला कळलं नसेल, कारण मी तुझ्या रस्त्याच्या तोंडाशीच थांबले. वाटेत हाउन्स्लोपाशी ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तू मला काय विचारला नाही.”

“विचारू?”

“नको.”

“बरं.”

मग तिने डॅशबोर्डच्या कप्प्यातलं सँडविच काढलं आणि अर्धं मला दिलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिने मला दिलेली ही पहिली गोष्ट.

रस्त्याच्या तोंडाशी म्हणाली, “दारापर्यंत नाही येत?”

म्हटलं, “तिथे पार्किंग मिळत नाही.”

समोर तीन जागा रिकाम्या होत्या. तिने त्या पाहिल्या, मग मला पाहिलं. उतरली, आणि दार लावायच्या आधी वाकून म्हणाली, “थँक यू फॉर द पार्किंग.”

ती मागच्या गल्लीत वळली तेव्हा मी मान फिरवली. बघायचं नाही आणि न बघितलेलंही मोजायचं नाही, एवढं जमायला वेळ लागेल. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी केमिस्टच्या पिशवीचा विचार केलाच. पण विचारलं नाही. रात्री भांडी घासताना एकदम रडू आलं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

तुझी सगळी पत्रं आज पुन्हा काढली. प्रत्येकात तू माझं विचारलंस. जेवतेस का, अक्षर बारीक झालंय, मी तुझं विचारतेय. आणि मी प्रत्येक वेळी पुष्कर मजेत, दिया अशी, बेट तसं. तू काही म्हणाली नाहीस. माझाही रकाना तू रिकामा ठेवलास.

मला तुझ्याकडे यायचंय. शनिवारी नको, शनिवार तिचा. मंगळवारी दुपारी मी ऑफिसातून निघू शकते. आल्यावर कदाचित लगेच बोलता येणार नाही. पुष्करला मी ऑफिसचं काम आहे म्हणून सांगणार आहे.

आणि मावशी, दियाला सांगू नकोस.

तुझी
चैत्राली


ईलिंग
२४ एप्रिल २०२४

चैत्राली,

ये. मंगळवारी मी घरीच आहे.

कशासाठी येतेयस ते लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. लगेच बोलता नाही आलं तर बोलू नकोस. मी विणायला घेतलंय काहीतरी, हात अजून तितकाच वाईट आहे. बघून हसशील तरी.

सोफ्यावर माझ्या डाव्या बाजूला बस, उजवा कान गेलाय.

मागच्या गल्लीने ये. फाटकाला कडी आहे, पण मी ती कधी लावत नाही. ढकललं की उघडतं.

लीलामावशी